मागच्याची धूळ

१

'घोडा विकणे आहे. डोंगरवाटेची सवय. स्वभाव गरीब. जवळच.'

एवढं वाचायलाही मला वेळ लागतो. शाळा मी अर्ध्यात सोडली आणि नंतर जे काही वाचायचं असेल ते दादा वाचून दाखवायचा. आता दादा नाही, म्हणून फोन नाकाशी धरून मीच एकेक अक्षर लावत बसलो. खाली फोटो होता. फोटोत घोड्याचं तोंड दिसत नव्हतं. ते पुढे उभ्या असलेल्या दुसऱ्या एका घोड्याच्या शेपटीआड होतं.

आमचा धंदा साधा. लोकांना भाड्याने आणलेल्या घोड्यांवर बसवायचं, डोंगरावरची वाट दाखवायची, परत आणायचं. पुढे दादा त्याच्या पांढऱ्या घोडीवर. त्याच्या मागे मी. माझ्या मागे गिऱ्हाईकं, ओळीने. निघण्याआधी दादा सगळ्यांना तोंडाला रुमाल बांधायला सांगायचा. "पहिल्याला वारा," तो म्हणायचा, "दुसऱ्याला धूळ, तिसऱ्याला दोघांची धूळ." लोक हसायचे आणि रुमाल खिशातच ठेवायचे. परत येईपर्यंत त्यांच्या पापण्या पिवळ्या झालेल्या असायच्या. दादाचं तोंड मात्र निघताना होतं तसंच.

प्रत्येक वळणावर तो मान वळवून मागे बघायचा. पुढच्याचं ते कामच असतं. मागे जितके दिसतील तितकी बोटं वर करायची, म्हणजे मागच्यांना कळतं की आपण मोजले गेलो. नऊच्या वर गिऱ्हाईकं आमच्याकडे कधी आली नाहीत, नाहीतर त्याला बूट काढावे लागले असते. त्याचं पहिलं बोट वाकडं होतं, दोरात अडकून मोडलेलं. त्यामुळे त्याचा हात लांबूनही ओळखू यायचा.

शेवटच्या दिवशी मागे मी एकटाच होतो. वरच्या वळणावर त्याने मान वळवली, एक बोट वर केलं, आणि घोडीच्या पायाखालची कड सुटली. बोट होतं. मग तिथे धूळ होती. माझा घोडा आपणहून थांबला. मी त्याला थांब म्हटलंसुद्धा नव्हतं.

तो घोडा वहिनीने दुसऱ्याच आठवड्यात देऊन टाकला.

मला घोडा हवा होता. का, ते वहिनीने विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. म्हणून मी तिला न सांगताच निघालो.

२

नालबंदाला सोबत घेतलं. आमच्या घोड्यांना नाल त्यानेच ठोकलेली. मोटरसायकलवर मागे बसून तो सारखा बडबडत होता.

"वहिनीला सांगितलंस?"

"सांगेन."

"म्हणजे नाही. ती तुझ्याआधी मला झोडपेल."

"तुम्ही नुसते खूर बघा काका."

"खूर बघतो रे. डोकं कोण बघणार? घोड्याचं नाही, तुझं."

शेड गावाच्या टोकाला होती. घोडेस्वारी शिकवणाऱ्या बाईची. बाई एका उलट्या बादलीवर बसून चहा पीत होती. धंदा बंद, शेड विकलेली, ठाणं झाडून रिकामी. शेवटच्या ठाणात एक तपकिरी घोडा भिंतीकडे तोंड करून उभा होता.

"हा एकटाच उरला," बाई म्हणाली.

"म्हणजे वाईट असणार," नालबंद म्हणाला.

"वाईट असता तर आधी गेला असता. वाईट घोडे घ्यायला हौशी लोक पुष्कळ असतात. हा गरीब आहे. फक्त पुढे चालत नाही."

"लंगडतो?"

"पाय ठणठणीत. पुढे म्हणजे पहिला चालत नाही. जन्मभर दुसऱ्याच्या मागे चाललाय. समोर शेपूट लागतं याला. म्हणून नाव शेपट्या. शेपूट दिसलं की कुठेही जाईल. विहिरीतसुद्धा."

नालबंदाने चारही खूर उचलून पाहिले, दात पाहिले, पोटाला कान लावला. काही खोट निघाली नाही. मी वर बसलो आणि टाच मारली. भिंतीला टाच मारावी तसं. लगाम हलवला, चुचकारलं, शिवी दिली. कानसुद्धा हलला नाही.

मग नालबंदाने कोपऱ्यातला झाडू उचलला, कमरेला मागून खोचला आणि शेडच्या दाराकडे निघाला. त्याचे पाय मुळात वाकडे. शेपट्याने मान खाली केली. नाक झाडूपासून एक वीत लांब ठेवून तो शहाण्यासारखा चालू लागला. नालबंद थांबला की थांबे, वळला की वळे.

बाई इतकी हसली की चहा सांडला. मीही हसलो. दादा गेल्यानंतर पहिल्यांदाच. आणि हसता हसता काय झालं कळलं नाही, घोड्याच्या पाठीवरच मला रडू फुटलं. लहान पोरासारखं, आवाज करून.

बाईने कप खाली ठेवला. "कोण गेलं?"

"भाऊ."

"मोठा?"

मी मान हलवली. तिने माझ्याकडे पाहिलं, मग घोड्याकडे.

"मग जमेल तुमचं दोघांचं," ती म्हणाली.

मी मोटरसायकलची किल्ली काढून तिच्या हातात दिली. विचार केलाच नाही.

"अरे, मग मी घरी जाऊ कसा?" नालबंद ओरडला.

"पुढे चाला. झाडू घेऊन."

३

वहिनी ओट्याशी उभी होती. खिडकीतून तिला आधी कमरेला झाडू खोचलेला नालबंद दिसला, मग घोडा, मग मी. ती हसली नाही. हात पुसत बाहेर आली.

"परत ने."

"मोटरसायकल देऊन आलो."

"मग चालत ने."

नालबंदाने झाडू काढून भिंतीला टेकवला आणि कुणाच्या लक्षात यायच्या आत सटकला.

"धाकट्या," वहिनी म्हणाली. मी सहावीत होतो तेव्हा ती आमच्या घरात आली, तेव्हापासून मला हीच हाक. "एक गेला ना घरातून? पोट भरलं नाही तुझं? डोंगर तोच आहे, वाट तीच आहे. मी तर मेले तरी त्या वाटेवर पाय ठेवणार नाही. आणि तू घोडं घेऊन आलास."

"वहिनी, ऐक. हा पुढे चालतच नाही. समोर दुसरा घोडा नसला की जागचा हलत नाही. मला जायचं असलं तरी हा जाणार नाही. याच्याइतका बिनधोक घोडा जगात नाही."

हे मी तिला गप्प करायला म्हटलं नव्हतं. मला खरंच तसं वाटत होतं.

ती आत गेली. स्वयंपाकघर आणि तबेला यांच्यात एकच भिंत आहे, विटेची, आणि तीही अर्धवट लिंपलेली. घोडा चारा खातो ते ताटावर बसून ऐकू येतं. तबेल्यात ठाणं दोन. दाराजवळचं दादाच्या पांढरीचं, आतलं माझ्या घोड्याचं. मी शेपट्याला दाराजवळच्या ठाणात घालू लागलो तर तो आत शिरेना. दोर सैल सोडला तसा पुढे जाऊन आतल्या ठाणात उभा राहिला, मान बाहेर काढून, रिकाम्या ठाणाकडे कान लावून.

जनावर सवयीचं असतं. दुसऱ्या नंबरचा घोडा दुसऱ्याच ठाणात जाणार.

४

वहिनी लाँड्रीत कामाला जाते. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेल्यावर मी शेपट्यावर खोगीर चढवलं. त्याने हलायला नकार द्यावा, संध्याकाळी वहिनीला तसं सांगावं, एवढंच मनात होतं.

फाटकापाशी तो खांबासारखा उभा राहिला. मी टाच मारली नाही. बरंच वाटलं. बघ, मी मनात म्हणत होतो, बघ वहिनी.

मग त्याचे कान पुढे झाले. मागे तबेल्याचं दार करकरलं. शेपट्या एक पाऊल बाजूला सरकला, जागा द्यावी तसा. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग त्याने मान खाली केली, अगदी झाडूमागे केली होती तेवढीच, आणि तो चालू लागला.

मी लगाम धरून नुसता बसलो होतो.

कोपऱ्यावर गटाराचं लोखंडी झाकण आहे. पांढरी त्याला घाबरायची. रस्ता मोकळा असला तरी उजवीकडून अर्धा गोल घेऊन जायची. शेपट्याने उजवीकडून अर्धा गोल घेतला. घोडे लोखंडी झाकणाला बिचकतातच. सगळेच घोडे बिचकतात. मी हे स्वतःशी मोठ्याने म्हटलं.

बेकरीसमोर रस्त्यात एक कुत्रं झोपलेलं होतं. आम्ही बरेच लांब होतो तेव्हाच ते उठलं आणि भिंतीला लागलं. त्याची मान हळूहळू डावीकडून उजवीकडे वळली, एखादी मोठी वस्तू समोरून जाताना वळते तशी. मग ते परत डावीकडे बघू लागलं. आम्ही आलो. त्याची मान पुन्हा वळली, तेवढ्याच सावकाश.

रस्त्याच्या टोकाला शेपट्या थांबला, स्वतःच फिरला, आणि आम्ही घरी आलो. बस, एवढंच. मी खोगीर उतरवलं, पाणी पाजलं. मग तबेल्यातच बसून राहिलो. भीतीने, असं मी म्हणणार नाही. ज्या गोष्टीचं नाव घेतलं तर ती निघून जाईल असं वाटतं, तशा गोष्टीने.

५

"तोंड बघ आपलं," वहिनी दारातूनच म्हणाली.

मी आरशात पाहिलं. भुवया पिवळ्या. पापण्या पिवळ्या. जीभ फिरवली तर दातांत कचकच.

दादा असताना रोज संध्याकाळचं हे ठरलेलं होतं. आम्ही परत आलो की वहिनी टॉवेल ओला करायची आणि माझ्या तोंडावर फेकायची. दादाला कधी लागायचा नाही. "एकाच आईची पोरं," ती म्हणायची, "एक सासरी निघाल्यासारखा आणि एक गिरणीतून काढल्यासारखा." सवयीने तिने आजही टॉवेल भिजवला. फेकला नाही. जवळ येऊन स्वतःच पुसू लागली. अर्धं तोंड पुसून झालं आणि तिचा हात थांबला.

"कुठे गेला होतास?"

"बेकरीपर्यंत."

"रस्ता डांबरी आहे, धाकट्या."

मी बाहीने उरलेलं तोंड पुसलं.

"वाराही नव्हता आज. पुढे कोण होतं?"

"कोणी नाही."

"मग ही कुणाची?" तिने टॉवेल माझ्यासमोर धरला. गावात कुठेच तशी माती नाही. फक्त वरच्या वळणावर आहे. हळदीत राख मिसळल्यासारखी.

ती खुर्चीवर बसली. टॉवेल मांडीवर. मग तिने विचारलं, अगदी हळू, शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये अशा बेताने.

"मागे बघतो का तो?"

"रस्त्याला वळण नव्हतं, वहिनी."

भिंतीपलीकडे शेपट्या चारा खात होता. आम्ही ऐकत होतो. खाणारा एकच आहे ना, तेवढं ऐकत होतो. कधी वाटे एकच. कधी एकाचं चावणं संपायच्या आत दुसरं सुरू झाल्यासारखं वाटे.

"उद्या परत देऊन ये," ती म्हणाली. "मोटरसायकल नाही दिली तरी चालेल. नुसता देऊन ये."

"उद्या देतो."

तिने तो टॉवेल धुतला नाही. लाँड्रीत दिवसभर लोकांचे कपडे धुणारी बाई ती. घडी घालून उशीखाली ठेवला.

६

मी खरंच परत द्यायला निघालो होतो. ती लाँड्रीला, मी शेडकडे. जेवण करून, भर दुपारी, सगळं लख्ख दिसत असताना.

फाट्यावर डावीकडे शेड आणि उजवीकडे डोंगर. शेपट्या उजवीकडे वळला.

मी डावा लगाम ओढला. नालबंदाने शिकवलेलं आहे, घोडा ऐकेना तर एकच लगाम ओढून त्याचं डोकं गुडघ्याशी आणायचं, मग पाय थांबतात. डोकं आलं. शेपट्याचा एक डोळा खालून माझ्याकडे बघत राहिला, शांत, ओलसर. पाय थांबले नाहीत. वाकडी मान घेऊन तो सरळ चालत राहिला. मी लगाम सोडून दिला. आणखी जोर लावता आला असता का? कोण जाणे.

उडी मारायला हवी होती. म्हणेपर्यंत वाट अरुंद झाली. डाव्या हाताला कातळ, इतका जवळ की पायाखालची लोखंडी रिकीब घासून ठिणग्यांचा वास येत होता. उजव्या हाताला काही नाही.

धूळ आता दिसत होती. वाऱ्याने उडते तशी नव्हती. जमिनीतून पुंजके उठत होते, एक, मग दुसरा, चालणाऱ्या खुरांमागे उठतात तसे. मी रुमाल बांधला. हाताने तो आपोआप बांधला. इतकी वर्षं बांधत आलो.

खालून कुणीतरी हाक मारत होतं. बायकी आवाज. मला मागे बघता येत नव्हतं. दुसऱ्याने पुढच्यावरची नजर काढायची नसते, हे दादानेच शिकवलेलं.

वरच्या वळणावर आता चुन्याने रंगवलेले दगड ठेवलेत. त्यांच्या अलीकडे धूळ उठायची थांबली. शेपट्याही थांबला. पुढचा थांबला म्हणून थांबला.

वळण. आता तो मागे बघणार.

मला तोंड बघायचं होतं. एकदाच. मी रुमाल खाली ओढला, त्याला मी ओळखू यावा म्हणून.

धूळ खाली बसत होती. तिच्यात काहीतरी पांढरं, रुंद होतं. चुन्याचा दगडही असेल. त्याच्या वर निळं. शेवटच्या दिवशी दादाने घातलेला, वहिनीने इस्त्री केलेला तो निळा शर्ट, खांद्यावर घडी नीट पडलेली. पाठ होती. मग ती पाठ नव्हती, खांदा होता. मग कानाची कड. त्याच्या पुढे मला काही दिसलं नाही, कारण हात वर झाला.

वाकडं बोट.

"आलो रे," मी म्हणालो. आवाज फुटला नाही, नुसते ओठ हलले.

आणि त्या बोटाशेजारी दुसरं बोट वर झालं.

दोन.

चुकलास दादा, माझ्या मनात आलं. मी एकटाच आहे. नीट बघ. दादा मोजताना कधीच चुकत नसे.

हात खाली गेला. चुन्याच्या दगडांपलीकडे, जिथे जमीन नाही, तिथे धुळीचा पुंजका उठला. मग दुसरा. शेपट्याने मान खाली केली आणि पाऊल टाकलं.

मागून कुणीतरी माझा पाय धरला.

७

लाँड्रीच्या वरच्या खिडकीतून फाटा दिसतो. वहिनीने मला उजवीकडे वळताना पाहिलं आणि ओले हात घेऊन तशीच धावत सुटली. चप्पल वाटेत कुठेतरी गेली. ज्या वाटेवर मेले तरी पाय ठेवणार नाही म्हणाली होती, ती वाट ती अनवाणी चढली. तिने माझा पाय ओढला, पट्टा ओढला, आणि मी घोड्यावरून तिच्या अंगावर पडलो.

शेपट्या थांबला नाही. दोन दगडांच्या मधून तो पुढे गेला.

आम्ही पडल्या जागी आवाजाची वाट बघत राहिलो. पांढरी पडली तेव्हा तो आवाज दरीतून कितीतरी वेळ येत होता. आज एक खडासुद्धा घरंगळला नाही. फक्त टापा. दोन घोड्यांच्या, सावकाश चालीच्या, लांब लांब जाणाऱ्या.

नालबंद चार माणसं आणि दोर घेऊन खाली उतरला. घोडा मिळाला नाही. शेडवाली बाई येऊन मोटरसायकल अंगणात लावून गेली. आत यायला तयार झाली नाही.

"तुला काय दिसलं?" मी वहिनीला विचारलं.

"तुझी पाठ," ती म्हणाली. "धुळीत तू होतास आणि तुझ्या मागे मी. आणखी काही दिसलं नाही. तुला?"

"मला पण नाही."

तबेल्याला आता कुलूप आहे. वहिनी मला एकट्याला बाहेर सोडत नाही, लाँड्रीत रजा सांगितली आहे. आम्ही दोघं घरातच असतो. खिडक्या बंद. तरी संध्याकाळी मी तोंड धुतलं की पाणी पिवळं येतं. वहिनी नवा टॉवेल आणून ठेवते. मी म्हणतो, भिंतीची माती झडत असेल.

काल ती स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि दिव्याखाली उभी राहिली. तिच्या पापण्या पिवळ्या होत्या.

दिवसभर ती ओट्यापासून हलली नव्हती. तिला स्वतःला कळलेलं नव्हतं. मी टॉवेल भिजवला. आजवर तिने माझं तोंड पुसलं, मी तिचं पहिल्यांदाच पुसत होतो. ती डोळे मिटून उभी राहिली. कपाळ, गाल, हनुवटी. पुसून संपेना.

"अगं बाई," डोळे उघडून तिने टॉवेलकडे पाहिलं. शेजारी माझा टॉवेल वाळत होता. त्याच्याहून तिचा दुप्पट माखलेला. "मला एवढी कुठून रे लागली? तुझ्यापेक्षा जास्त?"

मी तिला सांगितलं नाही. तिसऱ्याच्या वाट्याला दोघांची येते.